कॅड शिकणाऱ्यांनो, आधी आकडा टाइप करायला शिका!

आपल्याकडे आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलेला मुलगा नोकरीच्या शोधाला निघाला की त्याला पहिला सल्ला मिळतो, "कॅडचा कोर्स करून घे." सल्ला वाईट नाही. नागापूरची एमआयडीसी असो, पुणे रस्त्यावरचे सुपा असो की श्रीरामपूरची वसाहत असो, ड्रॉइंग काढणारा माणूस लहान-मोठ्या प्रत्येक वर्कशॉपला लागतोच. म्हणून पालक पदरमोड करून फी भरतात, मुलगा दीड-दोन महिने क्लासला जातो आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. परंतु वर्कशॉपचा मालक जेव्हा त्याला संगणकासमोर बसवून एखादा साधा फ्लँज काढायला सांगतो, तेव्हा खरी परीक्षा होते. पडद्यावर चित्र सुरेख उमटते, मात्र माप चुकलेले असते.

यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा दोष आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. बहुतेक ठिकाणी मुलाला पडद्यावरची चित्रे दाखवली जातात. हे रेषेचे, हे वर्तुळाचे, हे खोडण्याचे, असे सांगून माऊसने दाबत जायला शिकवले जाते. हुकूम टाइप करायचा, माप आकड्याने द्यायचे आणि काम सुरू करण्यापूर्वी सेटिंग तपासायचे, हा भाग शेवटच्या दोन दिवसांत उरकला जातो किंवा राहूनच जातो. वस्तुतः कामाचा पाया तोच आहे. चित्र काढणे आणि ड्रॉइंग काढणे यांत फरक आहे तो मापाचा, आणि कॅडमध्ये माप की-बोर्डवरून येते.

ही पद्धत आली कोठून?

अमेरिकेत १९८२ साली जॉन वॉकर आणि त्यांच्या साथीदारांनी ऑटोडेस्क ही कंपनी काढली. मायकेल रिडल यांनी पूर्वी लिहिलेल्या एका प्रोग्रामच्या आधारावर त्यांनी ऑटोकॅड तयार केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ते मांडले. त्या काळच्या छोट्या संगणकांवर आजच्यासारख्या चित्रमय खिडक्या नव्हत्या. हुकूम टाइप करणे हाच कामाचा राजमार्ग होता. पुढे मेनू आले, बटणे आली, २००९ च्या आवृत्तीत रिबन नावाची चित्रांची पट्टी आली. दर काही वर्षांनी पडद्याचे रूप पालटले आणि जुन्या माणसाला बटण कोठे गेले ते शोधावे लागले. परंतु रेषेचा हुकूम जो तेव्हा होता तोच आज आहे. ज्याने टाइप करणे शिकले त्याचे शिक्षण चाळीस वर्षांत शिळे झाले नाही. ज्याने बटणाची जागा पाठ केली त्याला नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा शिकावे लागले. धंद्याच्या दृष्टीने यातले कोणते शिक्षण स्वस्त पडले, हे सांगायला नको.

शिवाय हुकूम पूर्ण टाइप करावा लागत नाही. रेषेसाठी एल, वर्तुळासाठी सी, हलवण्यासाठी एम, ट्रिमसाठी टी-आर, समांतर रेषेच्या ऑफसेटसाठी ओ, एवढी अक्षरे पुरतात. ही लघुरूपे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असतात आणि आपल्या सोयीने बदलताही येतात. डावा हात की-बोर्डवर, उजवा माऊसवर असे बसणाऱ्या जुन्या ड्राफ्ट्समनचे काम एकदा पाहावे. तो बटणे शोधत नाही, त्याची नजर ड्रॉइंगवरून हलत नाही.

एक फ्लँज काढून पाहू

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून, म्हणजे १९५० पासून, हंगाम संपला की दुरुस्तीची कामे निघायची ही येथील रीतच आहे. पाइप, फ्लँज, कन्व्हेयरच्या पट्ट्या, बेस प्लेट यांची कामे वर्कशॉपकडे येतात. म्हणून उदाहरण फ्लँजचेच घेऊ.

समजा, बाहेरचा व्यास ३०० मिलिमीटर, पीसीडी २५० आणि २० मिलिमीटरची ८ छिद्रे असा फ्लँज काढायचा आहे. सी टाइप करून एंटर दाबले की सॉफ्टवेअर मध्यबिंदू विचारते. ०,० असे उत्तर द्यावे. मग ते त्रिज्या मागते. येथेच पहिली ठेच लागते. ड्रॉइंगवर व्यास लिहिलेला असतो, मुलगा ३०० टाइप करतो, आणि ६०० मिलिमीटरचे वर्तुळ तयार होते. व्यास द्यायचा असेल तर आधी डी टाइप करावा लागतो, मग ३००. हुकुमाच्या ओळीत हे पर्याय लिहून आलेले असतात. ती ओळ वाचायची सवय नसल्यामुळे चूक होते.

आता छिद्रे. पाइपच्या कामात सामान्यतः छिद्रे उभ्या मध्यरेषेवर न घेता तिच्या दोन्ही बाजूंना सारखी येतील अशी ठेवतात. ८ छिद्रांमध्ये ४५ अंशांचे अंतर असते, म्हणजे पहिले छिद्र २२.५ अंशांवर आले पाहिजे. हे माऊसने डोळ्याच्या अंदाजाने साधणार नाही. मध्यबिंदूपासून रेषा सुरू करून @१२५<२२.५ असे टाइप केले की काम झाले. @ म्हणजे मागच्या बिंदूपासून, १२५ म्हणजे अंतर, < च्या पुढे कोन. कोन पूर्वेकडून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो, हे लक्षात ठेवावे. रेषेच्या टोकावर २० व्यासाचे छिद्र काढावे आणि पोलर अ‍ॅरेच्या हुकुमाने त्याची ८ करावीत.

काम येथे संपत नाही, ताळा घ्यावा लागतो. डी-आय हा अंतर मोजण्याचा हुकूम आहे. शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ९५.६७ मिलिमीटर आले पाहिजे. तेच अंतर नंतर तयार फ्लँजवर व्हर्नियर लावून तपासता येते. पडद्यावरचा आकडा आणि हातातल्या लोखंडाचा आकडा जुळला की ड्राफ्ट्समनने आपले काम केले असे म्हणता येते.

मापाच्या कामाची ओळख या गावाला नव्याने करून द्यायला नको. विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली येथेच नगरात ओतली गेली. चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर अष्टकोनी आहे, म्हणजे आपल्या फ्लँजची तीच आठ भागांची विभागणी दगडात केलेली आहे. त्या कारागिरांकडे संगणक नव्हता, परंतु अंदाजाने त्यांनी काम केले असते तर आठवी बाजू पहिलीला येऊन मिळाली नसती.

यंत्र आकडा वाचत नाही, रेषा वाचते

पूर्वी ड्रॉइंग कागदावर फिटरच्या हाती जाई. रेषा थोडी कमी-जास्त असली तरी शेजारी लिहिलेला आकडा पाहून तो काम करी. ड्राफ्ट्समनची चूक अनुभवी फिटरच्या डोळ्यांत अडके. आता लेझर आणि प्लाझ्मा कटिंग आले. त्यांना कागद जात नाही, फाइल जाते, बहुधा डीएक्सएफ प्रकारची. त्या फाइलमधली रेषा जशी आहे तशी यंत्र कापते. शेजारी लिहिलेला आकडा त्याच्या कामाचा नसतो.

म्हणूनच एक वाईट सवय आज महाग पडते. रेषा १४८ आली आहे, हवी आहे १५०. ती दुरुस्त करण्याऐवजी मापाचा आकडा खोडून हाताने १५० लिहिला जातो. कागदावर हे खपून जाते, लेझरवर खपत नाही. प्लेट १४८ चीच निघते. ज्याचे त्याचे मत काहीही असो, आम्ही याला अप्रामाणिक काम म्हणतो. ज्याने आकडा बदलला त्याला रेषा चुकलेली आहे हे ठाऊक होते.

दुसरा दोष उघड्या कोपऱ्यांचा. ओस्नॅप बंद ठेवून, अंदाजाने टोकाला टोक लावले की पडद्यावर कोपरा बंद दिसतो. मोठे करून पाहिले तर फट असते. कटिंगवाल्याला बंद आकार लागतो. तिसरा दोष एकावर एक आलेल्या रेषांचा. एकाच जागी दोन रेषा असल्या तर यंत्र तोच छेद दोनदा घेऊ शकते. ओव्हरकिल या हुकुमाने अशा जादा रेषा निघतात आणि जॉइनच्या हुकुमाने तुकडे जोडले जातात. फाइल पाठवण्यापूर्वीची ही दोन मिनिटांची कामे आहेत.

नुकसानीचा हिशेब मालकांना सांगायला नको, परंतु शिकणाऱ्या मुलांसाठी सांगतो. १ चौरस मीटर, १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन ७.८५ किलो. त्या हिशेबाने २५०० बाय १२५० ची ५ मिलिमीटरची एक प्लेट सुमारे १२३ किलोची होते. चुकीच्या फाइलवर ती कापली गेली तर तिचे भंगार होते. वर कटिंगची मजुरी, टेम्पोचे भाडे आणि गिऱ्हाइकाचा गेलेला दिवस. मालक ते नुकसान मुलाच्या पगारातून कापत नाही असे धरू, परंतु पुढच्या महिन्यात त्याला कामावर ठेवीलच असे नाही.

काही सेटिंग फाइलबरोबर जाते, काही संगणकात राहते

सेटिंगबद्दल एक गोष्ट समजली तर निम्म्या तक्रारी मिटतील. कॅडमधली काही सेटिंग ड्रॉइंगच्या फाइलमध्येच साठवली जातात आणि फाइल जाईल तिथे जातात. काही मात्र त्या संगणकात राहतात. म्हणून एकाच मुलाने, त्याच पद्धतीने, दोन संगणकांवर काम केले तरी फरक पडू शकतो.

फाइलबरोबर जाणाऱ्यांत सर्वांत महत्त्वाचे आहे ते एककाचे सेटिंग, इन्सयुनिट्स. त्याची किंमत १ असली तर इंच, ४ असली तर मिलिमीटर, ६ असली तर मीटर. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये इंचाचा ब्लॉक आणला की सॉफ्टवेअर आपणहून तो २५.४ पट मोठा करते. ब्लॉक काढणाऱ्याने मनात मिलिमीटर धरून आकडे दिले आणि सेटिंग इंचाचेच राहिले, तर दोष कोणाला द्यायचा? नवीन ड्रॉइंग सुरू करताना इंचाचा नमुना निवडला की मिलिमीटरचा, येथपासून हा घोळ सुरू होतो. तुटक रेषा अखंड दिसतात, त्याचेही कारण पुष्कळदा हेच असते.

एककाच्या घोळाला मोठे लोकही बळी पडले आहेत. १९९९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळावर गेलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान नष्ट झाले. एका गटाच्या प्रोग्रामने बळाचे आकडे पौंडाच्या हिशेबात दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या हिशेबात धरले. त्यांच्याकडे शिकलेल्यांची वाण नव्हती. एकक कोणते, हे तपासून घ्यायचे राहिले, एवढेच.

घराचे नकाशे काढणाऱ्यांना फुटांचा प्रश्न येतो. आर्किटेक्चरल एककात नुसता ३३ टाइप केला तर सॉफ्टवेअर ते ३३ इंच समजते. फुटाची खूण द्यावी लागते. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर एक गुंठा. ही एक आकृती काढून एरियाच्या हुकुमाने क्षेत्रफळ तपासावे, आपले सेटिंग बरोबर आहे की नाही ते लगेच कळते. बांधकाम परवानगीसाठी जेथे नकाशा सॉफ्टवेअरमार्फत तपासला जातो, तेथे तर ठरलेल्या लेयरवर, बंद पॉलिलाइनने आणि योग्य एककात काढलेली फाइल लागते. तेथे सुंदर रंगसंगतीला गुण नाहीत.

आता संगणकात राहणारी सेटिंग पाहू. एफ-१२ ने चालू-बंद होणारे डायनॅमिक इनपुट त्यांतलेच. ते चालू असताना दुसऱ्या बिंदूसाठी टाइप केलेला १००,५० हा आकडा मागच्या बिंदूपासून धरला जातो. ते बंद असताना तोच आकडा मूळ ०,० पासून धरला जातो. आकडे तेच, रेषा वेगळी! म्हणून @ लावण्याची सवय ठेवावी, ती दोन्हीकडे चालते.

ओस्नॅपचेही तसेच. ऑस्मोड या सेटिंगमध्ये टोकासाठी १, मध्यासाठी २, वर्तुळाच्या केंद्रासाठी ४, छेदबिंदूसाठी ३२, लंबासाठी १२८ असे आकडे ठरलेले आहेत. बेरीज करून १६७ टाइप केले की पाचही एकदम लागू होतात. नीअरेस्ट म्हणजे ५१२ चा पर्याय मात्र कायम चालू ठेवू नये. तो रेषेवर कोठेही चिकटतो आणि टोक पकडले गेले असे वाटून फसगत होते.

काही वेळा तर सेटिंग बिघडले की सॉफ्टवेअरच बिघडले असे समजले जाते. फाइल उघडायला गेले तर नेहमीची खिडकी येत नाही, खाली नुसते नाव विचारले जाते. मग दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले जाते, दिवस वाया जातो. उपाय असतो फाइलडिया टाइप करून १ देण्याचा. एका वेळी एकच वस्तू निवडली जाते, दुसरी निवडली की पहिली सुटते, ही तक्रारही पिकअ‍ॅड या सेटिंगची किंमत शून्य झाल्याची असते. ती २ करावी. हुकुमांची ओळच दिसेनाशी झाली तर कंट्रोल आणि ९ एकत्र दाबावे.

इंग्रजीची भीती नको

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना वाटते की टाइप करायचे म्हणजे इंग्रजी पक्के हवे. हा गैरसमज आहे. रोजच्या कामाला वीस-पंचवीस हुकूम पुरतात आणि त्यांची लघुरूपे एका-दोन अक्षरांची आहेत. उलट बटणांच्या शेकडो चित्रांपेक्षा ही अक्षरे लवकर पाठ होतात. हुकुमाच्या ओळीत येणारे प्रश्नही ठरावीक असतात. पहिला बिंदू, पुढचा बिंदू, त्रिज्या, अंतर, कोन, वस्तू निवडा. हे दहा-पंधरा शब्द वहीत आपल्या भाषेत अर्थासह लिहून ठेवले की आठवड्यात ओळ वाचता येऊ लागते. एवढे मात्र सांभाळावे की की-बोर्ड इंग्रजीवर असावा. मराठीवर राहिला तर हुकूम आणि आकडे, दोन्ही घेतले जात नाहीत.

कोणी म्हणेल, आता त्रिमितीय सॉफ्टवेअर आली, तेथे टाइप कोण करतो? तेथेही प्रत्येक रेषेला माप आकड्यानेच द्यावे लागते आणि एकक आधीच निवडावे लागते. आणि त्या मॉडेलमधून कटिंगवाल्याकडे जाते ती पुन्हा सपाट फाइलच. बटणांशी आमचे वैर नाही. जे क्वचित लागते ते बटणाने करावे. परंतु माप बटणाने येत नाही.

सॉफ्टवेअर हक्काचे असावे

या विषयावर बोलताना चोरीच्या प्रतींबद्दल गप्प बसणे योग्य नव्हे. ऑटोकॅडची कायमची प्रत विकत मिळण्याची सोय २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हापासून मुदतीचे भाडे भरावे लागते. लहान वर्कशॉपला ते जड जाते हे आम्हांस मान्य आहे. पण त्यावर चोरीची प्रत हा उपाय नाही. पात्र विद्यार्थी व शिक्षकांना ऑटोडेस्क शिकण्यापुरती प्रत विनामूल्य देते. धंद्यासाठी लिब्रेकॅडसारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते पूर्णतः फुकट आहे, डीएक्सएफ फाइल करते, त्यात हुकुमाची ओळ आहे आणि @ व < या खुणाही तशाच चालतात. हुकुमांची लघुरूपे थोडी वेगळी आहेत, एवढेच. ज्याचा हात टाइप करण्यावर बसला आहे त्याला असा बदल सोपा जातो. बटणांवर वाढलेला मात्र एकाच कंपनीला बांधला जातो.

कोणी काय करावे?

क्लास चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे की पहिला आठवडा बटणांची पट्टी बंद ठेवून शिकवावे. परीक्षेत चित्र किती नेटके आहे ते न पाहता डी-आय च्या हुकुमाने माप तपासून गुण द्यावेत. पालकांनी फी भरण्यापूर्वी एवढेच विचारावे, "माप टाइप करून द्यायला शिकवता का?"

वर्कशॉपच्या मालकांनी एकदा एक दिवस खर्च करून आपल्या कामाचा एक नमुना तयार करून घ्यावा. त्यात एकक मिलिमीटर, लेयर ठरलेले, मापांची शैली ठरलेली असावी. संगणकाच्या सेटिंगचा एक कागद टेबलाशेजारी भिंतीला लावावा. नवीन मुलाने त्या नमुन्यावरच काम सुरू करावे आणि फाइल बाहेर जाण्यापूर्वी दोन मापे दुसऱ्या माणसाने तपासावीत.

आणि तरुण मित्रांनो, प्रमाणपत्र भिंतीवर राहते, हात आपल्याबरोबर येतो. आजच एक वही घ्या. रोज पाच हुकूम आणि एक सेटिंग तिच्यात लिहा, आणि घरातली किंवा दुकानातली एक वस्तू टेपने मोजून, आकडे टाइप करून काढा. काढून झाली की ताळा घ्या. महिनाभर हे केले तर पुढच्या मुलाखतीत फ्लँज काढून दाखवताना तुमच्या मापाविषयी मालकाला शंका राहणार नाही.